हाकेत नसलेली गोष्ट

१९ जानेवारी २०२४. चौलजवळच्या एका लहान रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात सात जीव होते. आठवी, ठमी, नुकतीच आत आणली होती. तिची उजवी बाजू लुळी पडली होती. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यावे की नाही, हे स्कॅनची चित्रे पाहून मुंबईचे डॉक्टर सलिल ठरवणार होते. चित्रे वाटेतच अडली.

नेटवर्क सांभाळणारी रुचिता निर्धास्त होती. बाहेर जाणाऱ्या तोंडाशी तिने दोन राउटर बसवले होते; दोघांच्या केबली वेगळ्या, आतल्या संगणकांसाठी पत्ता मात्र सामाईक. पहिला काम करी आणि दुसऱ्याला सारखी हाक देई, की मी आहे. हाक थांबली की दुसऱ्याने काम उचलायचे. पहिल्याचा प्लग काढून तिने हे सर्वांना दाखवलेही होते. म्हणून विभागातल्या डॉक्टर अनुया मोबाइलवरून चित्रे पाठवायला निघाल्या, तेव्हा ती म्हणाली, "थांबा मॅडम, आपोआप बदलेल."

बदलले नाही. पहिल्याचे दिवे हिरवेगार, दुसरा स्वस्थ. हा गप्प का, या प्रश्नाने तिला भीतीपेक्षाही अधिक घेरले. शोध घेता कळले, की रस्ता खणणाऱ्यांनी पहिल्याची बाहेरची केबल तोडली होती. राउटर स्वतः धडधाकट असल्याने आतून हाक देतच राहिला. पुढची वाट बंद झाल्याचे त्या हाकेत कुठेच नव्हते. तिने चालता राउटर बंद केला. दुसऱ्याने तत्काळ काम उचलले, चित्रे गेली, इंजेक्शन मिळाले. उशिरा.

घरी हे ऐकून तिचे वडील बुधाजी हसू लागले. त्यांचे आयुष्य मिठागरात गेले होते. उधाणाच्या वेळी बांधावर दोघे राखणीला असत. खाडीचे पाणी अडवणारी उघाडी एकाने लावायची, त्याची हाक आली नाही तर दुसऱ्याने धावायचे. एकदा उघाडीच्या पाळीवरचा रंगूकाका तापाने खोपीत पडून होता, पण ओ देत राहिला. मिठागर बुडाले.

"तुजी मशीन रंगूचीच भैन," बुधाजी म्हणाले. "तवापासून आमी 'हायेस का' न्हाय इचारला. 'पानी कुठवर आलाय' इचारला."

रुचिता हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पहिल्या राउटरला बाहेरच्या टोकाची सतत चाचपणी करायला आणि तिथून उत्तर न आल्यास आपणहून मागे सरायला लावले. या वेळी परीक्षेसाठी तिने प्लग काढला नाही, बाहेरची केबल काढली. काम बिनबोभाट दुसऱ्याकडे गेले.

ठमी वाचली. उजवा हात अजून उचलत नाही. तो उशिरामुळे गेला की तसाही गेलाच असता, हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. पण उशीर झाला आणि तो कशाने झाला, हे रुग्णालयाने तिला सांगितलेले नाही, रुचितानेही नाही. ते देणे बाकी आहे.