रक्षिताच्या सायकलचा ब्रेक

हेब्बाळच्या रस्त्याला रत्नाकरअण्णांचं गॅरेज होतं तेव्हा टॅक्सीवाले एकमेकांना सांगत, इंजिन कुणालाही दाखवा, ब्रेक मात्र अण्णांकडेच न्या. अॅम्बॅसेडर आणि फियाटच्या ब्रेकांवर त्यांची उमर गेली. मग साखरेच्या आजारानं डोळे धरले. आधी नटाच्या कडा पुसट झाल्या, पुढे समोरच्या माणसाचा नुसता आकार उरला. गॅरेज दुसऱ्याच्या हाती देऊन अण्णा घरी बसले आणि हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकली. बायको अलकाबाई रेडिओ लावायला गेली तर म्हणायचे, राहू दे. भेटायला येणारे तब्येत विचारायचे. अण्णा "बरं आहे" एवढंच म्हणायचे.

१९९९ साल लागलं आणि पुतणी रक्षिता परदेशातून परतली. बोम्मसंद्रातल्या कारखान्यानं तिला ट्रेनिंगला धाडलं होतं. येताना तिनं डोंगरात चालवायची सायकल खोक्यात बांधून विमानातून आणली. तिला तारेऐवजी तेलावर चालणारे डिस्क ब्रेक होते. पण घरी येऊन सायकल जोडली तर पुढचा ब्रेक दाबताच लिव्हर पार मुठीला टेकायची, ओला स्पंज दाबावा तशी. गावातल्या सायकलवाल्यांनी असला ब्रेक पाहिलाच नव्हता. एकानं तर सरळ तारेचा बसवून घ्या म्हणून सांगितलं. नंदीचा घाट उतरायची तिची हौस तशीच राहिली.

तिनं सायकल काकांच्या अंगणात आणली. अलकाबाईनं तिला दारातच हळूच सांगितलं की त्यांना नको विचारूस, कामाचा विषय निघाला की दोन दिवस जेवत नाहीत. रक्षिता आत गेली, काकांना हाताला धरून बाहेर आणलं आणि ती लिव्हर त्यांच्या बोटांत दिली.

अण्णांनी एकदा दाबली. मग पुन्हा, सावकाश.

"आत हवा शिरलीय," ते म्हणाले. "तेल दबत नाही, हवा दबते. तुझा सगळा जोर ती हवाच खाते. अलका, पेटी काढ."

अलकाबाई क्षणभर जागची हलली नाही. मग लगबगीनं आत गेली.

पेटीत गाडीच्या ब्रेक ऑइलची बाटली होती. अण्णा ती उघडणार तोच रक्षितानं त्यांचा हात धरला. ब्रेकच्या झाकणावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की यात मिनरल ऑइलच घाला, गाडीचं तेल चालणार नाही.

"बरं झालं वाचलंस," अण्णा म्हणाले. "आतली रबरं फुगून बसली असती."

नशिबानं तिनं सायकलसोबत योग्य तेलाची छोटी बाटली आणली होती. अण्णांच्या सांगण्यावरून तिनं चाक आणि ब्रेकचे पॅड काढून तेलापासून लांब ठेवले, पॅडच्या रिकाम्या फटीत लाकडाची चकती सारली, लिव्हरजवळची तेलाची डबी उघडली आणि खाली ब्रेकच्या तोंडाला पारदर्शक नळी लावली. अण्णांनी लिव्हर दाबून धरली. ते "उघड" म्हणाले की ती पान्यानं खालचं तोंड सैल करायची, "बंद" म्हणाले की आवळायची, आणि मगच ते लिव्हर सोडायचे. नळीत काय दिसतं ते ती सांगत होती, डबीत तेल कमी पडू देत नव्हती. बुडबुडे आले, कमी झाले, थांबले. लिव्हर तरी मऊच.

रक्षिता कंटाळून पायरीवर टेकली. अण्णा म्हणाले, स्वल्प थांब. त्यांनी डबीपासून खालपर्यंत तेलाची नळी बोटांनी चाचपली. एका जागी ती कमानीसारखी वर उचललेली होती.

"इथं दडलीय. हवा वरच जाणार, तिला वाट सरळ हवी."

दोघांनी सायकलचं तोंड उचलून खिडकीच्या गजाला बांधलं. नळी सरळ झाली. अण्णा पेचकसाच्या मुठीनं तिच्यावर हलके टिचक्या मारत राहिले. थोड्या वेळानं डबीत टपोरा बुडबुडा वर येऊन फुटला, त्यामागून आणखी दोन. तेल भरून झाकण लावलं, पॅड आणि चाक परत बसवलं. अण्णांनी लिव्हर ओढली. अर्ध्या वाटेत ती दगडासारखी घट्ट थांबली.

"सरी, जमलं," ते म्हणाले.

रक्षितानं गल्लीत दोन चकरा मारून, हळूहळू जोर वाढवत ब्रेक नीट पारखला. मग तळ्याकडच्या उतारावरून ती खाली सुटली. अण्णा फाटकाशी कान देऊन उभे होते. खडीवरचा चाकांचा आवाज वाढत गेला आणि एकदम थांबला. खालून तिचं हसू ऐकू आलं.

परत आल्यावर ती म्हणाली, चला, तळ्यापर्यंत जाऊ. सीटवर हात ठेवून अण्णा तिच्यासोबत चालत निघाले. डोळे गेल्यापासून ते राजीखुशीनं फाटकाबाहेर पडले नव्हते. वाटेत ओळखीच्या एका ड्रायव्हरनं हाक मारली, तर थांबून त्याला नव्या ब्रेकची सगळी हकिगत सांगितली.

जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

"अलका," ते म्हणाले, "तब्येत सगळ्यांनीच विचारली. काम घेऊन हीच पोर आली. देव तिचं भलं करो."

अलकाबाईनं त्यांच्या भातावर सार वाढलं. डोळे पुसायला तिनं पदर लावला, ते त्यांना दिसलं नाही. पण तिच्या बांगड्या किणकिणल्या, त्यावरून त्यांना ते कळलं.