भज्जीखालची बाभूळ

आमच्या अप्पांना माणूस ओळखायला वेळ लागतो, लाकूड ओळखायला लागत नाही. गावात काटा असलेल्या प्रत्येक झाडाला लोक सरसकट बाभूळ म्हणतात. असं कुणी अप्पांसमोर म्हणालं, की त्याची दुपार गेलीच म्हणून समजा. गोल पिवळं फूल आणि मणी ओवल्यासारखी शेंग, ती खरी बाभूळ. फांद्या खराट्यासारख्या सरळ वर गेलेल्या, ती रामकाठी. साल पांढुरकी, तो हिवर. बिनकाट्याची ती सुबाभूळ. आणि बांधाबांधावर माजलेली, चपट्या पिवळ्या शेंगांची, ती वेडी बाभूळ. तिचं नाव घेताना अप्पा फक्त थुंकायचे बाकी राहतात. हे सगळं मी इतक्या वेळा ऐकलंय, की झोपेतही म्हणून दाखवीन.

गेल्या दिवाळीनंतर अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, ताप आला. ताप गेला, पण जाताना तिच्या तोंडाची चव घेऊन गेला. आंबिलीचे दोन घोट घ्यायची आणि ताट सरकवायची. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, आता आजार काही नाही, फक्त खायला घाला. हे सांगायला त्यांचं काय जातंय! मी चिटगुप्प्याहून सुट्टी काढून माहेरी आले होते. रोज नवं काहीतरी रांधत होते आणि रोज ते जनावरांच्या पाटीत जात होतं. मला भीती वाटत होती. भीती वाटली की माझी चिडचिड होते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

वेळ अमावस्या जवळ आली, तसा अप्पांनी निकाल दिला.

"गॅसवरचं खाऊन तिची जीभ मेली. भज्जी चुलीवर कर. अन् खाली बाभळीचं सरपण लाव. ती खाती का न्हाई बघ."

वेळ अमावस्येची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि मिळेल तो पाला आंबट पाण्यात बेसन लावून शिजवतात. मग अख्खं गाव शेतात जाऊन, कडब्याच्या कोपीपुढं पूजा करून ती खातं. अव्वाच्या भज्जीसाठी शेजारच्या शेतातली माणसं वाडगं घेऊन यायची. त्यामुळं अप्पांचं म्हणणं मलाही पटलं. पटलं हीच चूक झाली.

मी चिटगुप्प्याच्या वखारीतून ऑटोभर लाकूड आणलं. अप्पांनी एक ओंडका उचलला, नखानं खरवडला, वास घेतला आणि अंगणात फेकला.

"कामून आणलीस ही? दिसंना व्हय तुला? निम्मा हिवर हाय, निम्मी सुबाभूळ. ही कागदासारखी भुर्रकन जळती. भज्जी शिजायची कव्हा?"

मी परत गेले. वखारवाल्याशी भांडले. तो शांतपणे म्हणाला, "अक्का, जाळायचंच हाय न्हवं? मग लाकडाला जात कामून इचारायलाव?"

जात न मानणाऱ्या बसवण्णांना पुजणाऱ्या घरात जन्मून जन्मभर लाकडाची जात विचारत बसलेल्या माझ्या बापाला हे जाऊन सांगावं, असं फार वाटलं. पण सांगितलं असतं तर आणखी एक दुपार गेली असती. निमूटपणे लालसर गाभ्याची लाकडं एकेक निवडून घेतली. दोन्ही तळहात सोलले. अप्पांनी ती पाहिली, तासभर उलटसुलट केली आणि "चालंल" म्हणाले. चालंल!

अमावस्येला पहाटेच चूल पेटवली. बाभूळ खरंच गुणी, धूर नाही, आच एकसारखी. भज्जी सुरेख झाली. अव्वाला चालवेना म्हणून तिला घरीच अंगणात बसवलं आणि वाटी हातात दिली. अप्पा समोर उकिडवे बसून तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिनं एक घास घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"काय झालं?" अप्पांचा आवाज चिरकला. "चांगल्या बाभळीवर केलीया की."

"म्हणूनच," अव्वा म्हणाली. "धुराचा वास न्हाई तिला. मी कव्हा बाभळीवर केलीय? बाभूळ तर तुम्ही औताला, कुळवाला म्हणून ठिवून द्यायचाव. एक ढलपी जाळू दिली न्हाई. मी बांधावरची वेडी बाभूळ जाळायची. अर्धी ओली, अर्धी वाळली."

"मग सांगितलं कामून न्हाईस?"

"तुम्ही इचारलाव कव्हा?"

मी डोक्याला हात लावला. सोललेले तळहात, वखारीतलं भांडण, तासभर चाललेली परीक्षा, सगळं वाया. या दोघांनी जन्मभराच्या संसारात एकदा तरी एकमेकांशी धड बोलावं की नाही? मला दोघांचाही संताप आला.

अप्पा उठले. कोयता घेऊन बांधाकडं गेले आणि काटेरी फांद्यांचा भारा ओढत आणला. मनगटावरून रक्त ओघळत होतं. चुलीतली बाभूळ त्यांनी स्वतःच्या हातानं बाहेर ओढली, वेडी बाभूळ आत सारली, भज्जी परत वर चढवली आणि फुंकर मारत बसले. अंगण धुरानं भरलं. खोकून खोकून त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या, तरी फुंकायचे थांबेनात. मी "सरका, मी बघते" म्हणाले, तर माझा हात त्यांनी झिडकारला.

भज्जी परत वाढली. अव्वानं वाटी पार संपवली. मग तिनं वाटी पुढं केली, माझ्याकडं नाही, त्यांच्याकडं.

"आणखी घाला की," ती म्हणाली.