घोगऱ्याची नोंद

आमच्या खान्देशी शब्दसंग्रहात ‘घोगऱ्या’ या शब्दाखाली जे वाक्य उदाहरण म्हणून छापलं आहे, ते मी लबाडीनं मिळवलेलं आहे. आजवर हे कुठे लिहिलं नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्याच्या एका कॉलेजात मी नुकताच शिकवायला लागलो होतो आणि सुट्टीत बोलीतले शब्द गोळा करत हिंडत होतो. यावल तालुक्यात तापीकाठच्या एका भोई कुटुंबानं मला होडीत बसवून घेतलं. दोघे भाऊ जाळं ओढायचे. त्यांची म्हातारी आई ऐकायची.

घोगऱ्या हा काटेरी मासा जाळ्यात अडकला की करकरतो. त्याचा काटा लागला तर हात कोपरापर्यंत सुजतो, आठ-आठ दिवस काम होत नाही. गढूळ पाण्यात तो दिसत नाही, म्हणून म्हातारी होडीच्या फळीला कान लावून बसे. तिनं ‘घोगऱ्या’ म्हटलं की जाळ्यातले हात तत्क्षणी बाहेर. त्या वेळी तो शब्द माशाचं नाव नसतो, हुकूम असतो.

मला तो हुकूम तिच्या तोंडून हवा होता. सकाळ सरली तरी घोगऱ्या सापडेना, आणि माझी एस.टी. दुपारची. भाऊ जाळं वर घेत होते. मी खिशातला कंगवा काढला आणि पायाआड फळीवर हळूच घासला.

“घोगऱ्या शे, हात काढा रे.”

हात सुटले. जाळ्याची कड पाण्यात गेली आणि सकाळची सगळी मासळी निसटली. थोरल्यानं रिकामं जाळं दोनदा चाचपलं. घोगऱ्या नव्हता. आज नसलेलं ऐकलं, उद्या असलेलं ऐकणार नाही, असं काहीतरी तो धाकट्याला म्हणाला. मग आईला म्हणाला, “माय, तुना कान गया आते. तू घरच ऱ्हाय.”

“माले आयकू उनं,” ती म्हणाली, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मीही ऐकलं असेल, असं तिला वाटलं असावं. मी वहीत डोकं घालून तिचं वाक्य लिहीत होतो.

चार वर्षांनी छापील संग्रह घेऊन तिकडे गेलो. ती अंगणात जाळी सांधत बसली होती. होडीत ती पुन्हा गेलीच नव्हती. सुना तिच्या कानाशी ओरडून बोलत होत्या आणि ती निमूट मान हलवत होती. मी मागून, अगदी हळू, “अक्का” म्हणालो. तिनं लगेच वळून पाहिलं.

थोरल्याला बाहेर बोलावून घेतलं. पुस्तक पिशवीतच राहिलं.

“अक्का, त्या दिवशी तुम्ही बरोबर ऐकलं होतं,” मी म्हणालो. “आवाज मी केला होता, कंगव्यानं. भाऊ, तुमच्या आईचा कान तेव्हाही चांगला होता, आजही आहे. मी समोर बसून गप्प राहिलो. माझं चुकलं, अक्का. मला माफ करा.”