वाढत्या अंगाचा कॉस्च्युम

हल्ली मी काहीच मनाला लावून घेत नाही, तेवढा दमच उरलेला नाही. पण लेकीची ती शर्यत काही डोक्यातून जात नाही.

लेक तेव्हा सातवीत होती. साडेपाचला तिला हलवून उठवायचं, स्कूटीवरून तलावावर न्यायचं, तिचा सराव होईपर्यंत काठावर पेंगत बसायचं, मग तिला शाळेत सोडून ऑफिस गाठायचं. नवरा जयगडला बंदरावर, आठवड्यातून एकदा घरी. म्हणजे फरफट सगळी माझीच. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू? पण पोरगी पाण्यात पडली की बघत राहावं अशी पोहायची. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेतल्या पहिल्या दोघी पुढे विभागाला जाणार होत्या, आणि तिने त्याचा ध्यासच घेतला होता.

जुना कॉस्च्युम विरला म्हणून नवा घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, वहिनी, हे कापड पाण्यात सैल पडतं, घट्टच घ्या. माझं आपलं ते खरं! आमच्याकडे फ्रॉक, गणवेश, बूट, सगळं वाढत्या अंगाचं. पुढे कापूस कोंबलेल्या बुटांत मी स्वतः दोन वर्षं शाळा केली आहे. एक माप मोठा उचलला. लेकीने आरशासमोर खांद्याचे पट्टे दोनदा वर ओढले, माझ्याकडे बघितलं आणि बरा आहे म्हणाली. घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या होत्या. मी पिशवी घेऊन निघाले.

शर्यतीला अर्धी रजा टाकून गेले. पन्नास मीटर. उडी झकास पडली, निम्म्यापर्यंत ती दुसरी होती. मग तिच्या पाठीवरचं कापड पावासारखं टम्म फुगलेलं मला दिसलं. गळ्यातून आत शिरलेलं पाणी ती सोबत ओढत नेत होती. एक पट्टा घसरला. हात मारायचा सोडून तिने तो वर घेतला, आणि तेवढ्यात खाडीत पोहायला शिकलेली अंजनवेलची एक पोर, साध्याच पण अंगाला घट्ट बसलेल्या कॉस्च्युममध्ये, तिच्या पुढे निघून गेली. आमची तिसरी आली.

तिच्या पोहण्याच्या सरांनी मला बाजूला घेतलं. एरवी शांत माणूस, पण आवाज चढला होता. असल्या ढगळ कपड्यात पाणी भरतं, मग कितीही जोर लावा, वेग येत नाही, म्हणाले. आठ दिवसांपूर्वीच तिला सांगितलं होतं, आईकडून दोन्ही बाजूंनी टाके घालून आवळून घे म्हणून. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

पार्किंगमध्ये मी तिच्यावर डाफरलेच.

"काय गो, तोंडाला कुलूप लावलं होतंस? पाच मिनिटांचं काम होतं."

ती ओला टॉवेल पिळत होती. रडली नाही.

"तू रोज दमलेली असतेस," ती म्हणाली. "अजून एक काम कुठे सांगू तुला?"

मी स्कूटी चालू केली, पण तिच्याकडे बघवेना. दमले बाई, दमले, असं मी दिवसातून दहादा म्हणायचे. सवयच जडली होती. कुणी ऐकत असेल असं वाटलंच नव्हतं.