चौदा खोडी

ज्या माणसानं मला आयुष्यात सगळ्यांत जास्त गोंधळात टाकलं, तो माझ्याशी एकदाही खोटं बोलला नव्हता. माझा गोंधळ झाला तो त्यामुळेच.

मी तेव्हा जुन्या गाड्या घेऊन विकायचो. या धंद्यात मी पडलो तोही ठरवून नाही. कापसाचे ते वाईट दिवस होते. मी ज्या जिनिंग मिलमध्ये स्टोअर सांभाळायचो ती दोन हंगाम कशीबशी चालली आणि तिसऱ्याला उघडलीच नाही. मालकानं जाता जाता आपली जीप विकून द्यायला सांगितली. ती मी आठ दिवसांत विकली आणि मला वाटलं, अरे, हे तर आपल्याला जमतं! लोहाऱ्याच्या रस्त्यावर एका रिकाम्या गोडाऊनपुढे जागा धरली. गाड्यांना तोटा नव्हता. बऱ्या दिवसांत हौसेनं घेतलेल्या गाड्या लोक काढायला बसले होते, आणि प्रत्येकाची गाडी म्हणे 'डॉक्टरनं वापरलेली'. यवतमाळात तेवढे डॉक्टर असते तर कोणी आजारीच पडलं नसतं.

अशात माझ्या मोठ्या बहिणीनं मला बोलावून घेतलं. ताई बाभुळगावला शाळेत शिकवायची, भाऊजी शेती बघायचे. भाऊजींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला वर्ध्याकडे न्यावं लागे. परत येताना त्यांना एसटीत धड बसवतही नसे. ताईनं सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकून घेतली होती. आता फक्त गाडी पाहिजे होती.

"रंग कसाही चालन," ती म्हणाली. "रस्त्यात बंद नाही पडली पाह्यजे. आन् हे पाय, भाऊ म्हणून घेऊन देजो, दलाल म्हणून नको."

मला राग आला. "मी तुले दलाल दिसतो काय?"

ती चहा टाकायला आत गेली.

त्याच आठवड्यात कळलं की कापूस खरेदी केंद्रावरून निवृत्त झालेला एक ग्रेडर आपली छोटी पांढरी गाडी विकतो आहे. ग्रेडर म्हणजे गाडीभर कापसातून मूठभर उचलून, बोटांनी धागा ओढून, मालाची प्रत ठरवणारा माणूस. त्याच्या एका शब्दावर भाव ठरायचा, त्यामुळे त्याला शिव्या घालणं हे आमच्याकडे हंगामातलं एक कामच होतं. या ग्रेडरनं तर भाऊजींची भरलेली बैलगाडी 'माल ओला आहे' म्हणून परत पाठवली होती. भाऊजींच्या बाजूनं मीही त्याला चार चौकांत शिव्या घातल्या होत्या, तोंड न पाहता.

तोंड पाहिलं तर साधंच होतं. बनियनवर बाहेर आला. उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं म्हणून गाडी काढतो आहे, हे न विचारता सांगितलं. मी सवयीनं म्हणालो, "कशी आहे गाडी?" असं विचारलं की समोरचा 'मक्खन' म्हणतो आणि मग आपण बॉनेट उघडायचं, अशी आमच्यातली रीत.

"दुसरी प्रत," तो म्हणाला. "थांबा, लिहून देतो."

खिशातून जुनी पावती काढून तिच्या कोऱ्या बाजूवर तो लिहायला लागला. दाराचं रबर चिमटीत धरून कापसासारखं ओढून पाहिलं आणि लिहिलं. डावं दार आतून उघडत नाही. तिसरा गिअर थंडीत अडतो. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो. पावसात मागच्या काचेतून पाणी येतं. रेडिएटर एकदा झाळून घेतला आहे, वीस-पंचवीस किलोमीटर झाले की थांबून, थंड होऊ देऊन पाणी बघावं. अशा चौदा खोडी. खाली सही. आणि मी मनात धरली होती त्यापेक्षा कमी किंमत.

मी उन्हात ती चिठ्ठी घेऊन उभा. माझं डोकं चालेना. कोणता माणूस स्वतःच्या मालाची प्रत स्वतःच पाडतो? चौदा सांगतो म्हणजे पंधरावी लपवतो, आणि ती केवढी असेल! मी गाडीखाली झोपून पाहिलं. पत्र्याला चुंबक लावून पाहिलं, कुठं पोच्यांत लांबी भरून वर रंग दिला आहे का. इंजिनाचा नंबर कागदांशी ताडून पाहिला. शेजाऱ्यांना विचारलं की या गाडीखाली कोणी आलं होतं का, गाडीत कोणी गेलं होतं का. काही नाही. जसजसं काही सापडेना, तसतसा मी जास्त घाबरलो. पाणी कुठंतरी मुरत होतं नक्की. "विचार करून सांगतो," म्हणालो आणि चिठ्ठी खिशात घालून निघालो.

चार दिवसांनी वणीला गाडी मिळाली. मालक कोळशाच्या ट्रकांचं काम करायचा. गाडी अशी घासूनपुसून ठेवलेली की तिच्यात पाहून भांग पाडावा. "एक खोड दाखवा भाऊ, आन् गाडी फुकट घेऊन जा," असं म्हणून त्यानं पोरांची शपथ घेतली. मी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. आता आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल, गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवलं असेल तर ते थंड असताना काहीतरी कुरकुर करत असणार. मी तसं बोललोही. "आत्ताच देवळातून आलो ना," तो म्हणाला.

आणि मी मानलं. का मानलं याचा मी पुढं फार विचार केला. एवढंच कळलं की त्याचं बोलणं मला समजत होतं. मीही तसाच बोलतो.

ताईला नेऊन दिलेली ती गाडी दोन खेपा नीट चालली. तिसऱ्या खेपेला दवाखान्यात जातानाच कळंबच्या अलीकडे बंद पडली, वैशाखाच्या उन्हात. ताई आणि भाऊजी दोन तास बाभळीखाली बसून होते. शेवटी एका ट्रकवाल्यानं त्यांना पोचवलं. भाऊजींना श्वास घेता येत नव्हता, चार दिवस ठेवून घेतलं. मी धावत गेलो तर ताई दवाखान्याच्या पायरीवर बसलेली. मी काय काय बोलत राहिलो. ती म्हणाली, "गाडी तेवढी उचलून आणजो तिथून." बस. तिनं ओरडायला पाहिजे होतं. मला ते फार बरं वाटलं असतं.

मी तडक ग्रेडरकडे गेलो. त्याची गाडी तिथंच होती. माझ्यासारखे आणखी दोघं येऊन चिठ्ठी वाचून पळाले होते म्हणे. मी जवळजवळ भांडायलाच उठलो. "काहून सांगितल्या हो तुमी मले इतक्या खोडी?"

त्यानं चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमीच विचारलं ना, कशी हाय म्हणून."

"विचारतात सगळेच!"

"हो ना. मी नोकरीभर सांगतच आलो," तो म्हणाला. "म्हणून तर कोणी चहाले बोलवत नाही."

गाडी घेतली. निघण्याआधी त्याची यादी मी एका चांगल्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून काढली, ताईला वाचायला सोपी जावी म्हणून.

भाऊजी दवाखान्यातून घरी आल्यावर ताईच्या अंगणात गाडी उभी केली. ते निंबाखाली बाजेवर पडले होते. गाडी कोणाची, हे मी सांगताच ते उठून बसले. "त्या हरामखोराची? त्यानं आपला माल वापस केलता!"

"ओला होता म्हणून केलता," ताई म्हणाली. "आदल्या दिवशी झारीनं पाणी कोणी मारलतं त्याच्यावर, वजन वाढावं म्हणून? तुमीच ना, आन् मी."

भाऊजी निंबाकडे बघायला लागले. मला माझ्या चार चौकांतल्या शिव्या आठवल्या आणि त्या आता परत कुठून गोळा कराव्यात ते समजेना.

मी कागद पुढं केला. "हे घे. त्यानं लिहून देलेल्या सगळ्या खोडी."

ताईनं वाचला. "हे तर तुहं अक्षर हाय. त्याची चिठ्ठी कुठं हाय?"

मी खिशातून चुरगळलेली पावती काढली. तिनं दोन्ही कागद बॉनेटवर शेजारी ठेवले आणि वह्या तपासताना ठेवते तसं एकेका ओळीवर बोट ठेवत गेली. त्याच्या चौदा होत्या. माझ्या अकरा.

"पाणी पाहाचं, हे काहून नाही लिहिलं?"

"तू भेशीन म्हणून," मी म्हणालो.

ते खरं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. या सौद्यात मी एक पैसा घेणार नव्हतो. तिला फसवायचं तर मनातही नव्हतं. तरी चौदाच्या अकरा झाल्या, आणि नेमकी तीच गळाली जिच्यावर भाऊजींचा जीव अवलंबून होता. लिहिताना हात कुठं अडखळल्याचंही आठवत नाही. स्वतःची लाज वाटली म्हणावं तर त्याआधी मी चकितच झालो होतो.

ताई रागावली नाही. ग्रेडरची पावती तिनं गाडीच्या कप्प्यात ठेवली. माझ्या कागदाची नीट घडी केली आणि ती माझ्या हातात परत दिली.

त्या गाडीनं भाऊजींना पुढं तीन वर्षं नेलं-आणलं, शेवटपर्यंत. रस्त्यात एकदाही बंद पडली नाही. कळंब आलं की ताई दर खेपेला थांबायची, इंजिन थंड होईपर्यंत वाट बघायची आणि पाणी पाहायची. सोबत असलो की पाण्याची बाटली मी धरायचो. मी आत वाकून 'भरलेलं आहे' म्हणायचो, आणि माझं म्हणून झालं की ती मला बाजूला करून स्वतः पाहायची.