अंदमानच्या आड आलेली म्हैस

एक आठवडा घराबाहेर राहायचं ठरवायला आमच्या घराला अख्खा हिवाळा लागला. त्यातला अर्धा मी दातओठ खात काढला आणि उरलेला अर्धा एका म्हशीच्या मिनतवाऱ्या करण्यात गेला.

बेत मुलीचा. ती शिक्रापूरला एका कंपनीच्या ऑफिसात आहे, तिथंच खोली घेऊन राहते आणि रविवारी वडगाव रासाईला आमच्याकडे येते. दिवाळीत जेवता जेवता तिनं जाहीर केलं की आपण तिघांनी अंदमानला जायचं. सगळं तिच्या मोबाईलमध्ये तयार होतं. आधी पोर्ट ब्लेअर, तिथला तुरुंग, म्युझियम. मग बोटीनं हॅवलॉक, तिथले किनारे आणि जंगलातून चालत जायची एक वाट. मग परत बोट आणि नील बेट. "कल्चर, बीच, ट्रेकिंग, सगळं कव्हर होतंय आई," ती म्हणाली. ऑफिसातली पोरं सहलीलासुद्धा काम उरकायला निघाल्यासारखी निघतात.

आमचे हे भाकरी मोडत म्हणाले, "तुरुंग बघाया इमानानं जायचं? आन् डोंगरच चढायचा तर हितं काय डोंगर कमी हायेत व्हय?" मग माझ्याकडे बोट करून, "हिचं तर म्हायेरच बेटात हाय. आनखी कसली बेटं बघायची हायेत हिला?"

माझं माहेर शिरूर तालुक्याच्या बेट भागातलं. दोन नद्यांच्या मधली गावं म्हणून त्या भागाला तसं नाव पडलं. हा विनोद मी लग्नाच्या हळदीपासून ऐकत आले आहे आणि पहिल्यांदा ऐकला तेव्हाही मला हसू आलं नव्हतं.

पण मला जायचं होतं. स्पष्टच सांगते, अधाशासारखं जायचं होतं. समुद्र मी जन्मात एकदाच पाहिला आहे, शाळेच्या सहलीत, बसच्या काचेतून. गाडीला आधीच उशीर झाला होता म्हणून गुरुजी म्हणाले, आता कुणी उतरायचं नाही, बसूनच बघा. आम्ही बसूनच बघितला. शेजारच्या मुलीला ओकारी होत होती, त्यामुळे तोही अर्धाच. लग्न झाल्यावर तर गोठा मागे लागला. माहेरी गेले तरी संध्याकाळच्या धारेला परत. लागोपाठ दोन रात्री मी दुसऱ्या छपराखाली झोपले ती फक्त बाळंतपणात.

ह्यांनी नाही असं एकदाही म्हटलं नाही. नाही म्हणणारा माणूस परवडतो, त्याच्याशी भांडता येतं. हे म्हणायचे, "जाऊ की." आणि मग तारखा काढायच्या.

तारखांचं असं होतं की आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसाची असते आणि एक आठवडा रात्रीची. दिवसाची असली की हे म्हणायचे, एवढी दिवसाची लाईट सोडून कोण जाईल, पाणी भरून घेऊ. रात्रीची असली की म्हणायचे, उसात बिबट्या फिरतोय, धाकट्या भावाला एकट्याला रात्री मोटार चालू करायला कसं पाठवू? मी म्हटलं, मग तिसऱ्या प्रकारचा आठवडा कधी येतो ते सांगा. त्यावर हे म्हणाले, "टोळी बी कवा यील सांगता येत न्हाई." म्हणजे ऊसतोडीची टोळी. ती आली की घरचा माणूस फडात लागतो. टोळी येऊन ऊस तोडून गेली तेव्हा लग्नं सुरू झाली. मुलीनं एक तारीख धरली की त्या आठवड्यात कुणाचं तरी लग्न निघायचंच. एक लग्न तर ह्यांच्या मामाच्या साडूच्या घरचं होतं. त्या माणसाला मी रस्त्यात ओळखलं नसतं, पण गेलो नाही तर म्हणे त्याला राग येईल. माझ्या रागाची तेवढी कुणाला काळजी नव्हती. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथं नकटीला नुसतं फिरायला जायचं होतं.

मुलगी दर रविवारी नवा बेत घेऊन यायची आणि हे दर रविवारी त्यातला एक दिवस खायचे. म्युझियम कशाला, नील बेट कशाला, सगळी बेटं सारखीच असणार. शेवटी एकदा म्हणाले, त्यापेक्षा एका दिवसात देवदर्शन करू, सांजच्याला धारेला घरी. पोरीनं मोबाईल ताटाशेजारी पालथा घातला आणि ती न जेवता शिक्रापूरला गेली.

त्यानंतर ह्यांनी हुकमाचं पान काढलं. "चल, मी येतो. समदं करतो. फकस्त म्हशीचं काय ते तू बघ."

आमच्या गाई मशीनला सवयीच्या आहेत, त्या कुणाकडूनही दूध काढून घेतात. म्हशीचं तसं नाही. तिचं रेडकू जन्मल्यावर आठवड्यातच दगावलं. तेव्हापासून ती माझ्या हाताशिवाय पान्हवत नाही. दुसरं कुणी खाली बसलं की दूध चोरते, नाहीतर लाथ घालते. चार दिवस धार निघाली नाही तर कास दगडासारखी होऊन जनावर कामातून जाणार. विकून टाका म्हटलं तर ह्यांना तिच्याच दुधाचा चहा लागतो. एकूण काय, ऊस, लाईट, बिबट्या, लग्नं, सगळं पार करून आमचं घोडं म्हशीपाशी अडलं.

माझी धाकटी जाऊ शेजारच्याच घरात राहते. ती नदीपलीकडची, दौंड तालुक्यातली, आणि इतकी गोड बोलणारी की भाजीवाल्यालासुद्धा वाटतं आपण हिला फसवलं. ती म्हणाली, "ताई, माझ्या माहेरी असंच व्हतं एका म्हशीचं. आई आजारी पडली तर आईचं लुगडं नेसून आत्या धार काढायची. म्हशीला वास कळतो, मानूस न्हाई कळत." आता मी गोठ्यात लुगडं नेसत नाही, गाऊन घालते. तेव्हा माझा शेणामातीचा, निळ्या फुलांचा, न धुतलेला गाऊन जावेच्या अंगावर चढला. ती माझ्या अर्धी. गाऊनमध्ये ती सापडेना.

म्हशीनं हुंगलं, मान हलवली आणि उभी राहिली. आम्हांला आशा वाटली. जाऊ खाली बसून म्हणाली, "सोड की गं बाय, सोड की माझी राणी." राणीनं जावेला बादलीसकट लोटून दिलं.

हे आठवडाभर रोज चाललं. मी गोठ्याच्या बाहेर भिंतीला टेकून उभी राहायची, कारण मी दिसले की म्हैस माझ्याकडेच बघत बसायची. बाजेवर बसून हे चहा पीत बघायचे. न्हाई जमत, न्हाई जमत, असं म्हणताना त्यांच्या तोंडावर जे समाधान असायचं ते बघून माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची.

मग एक दिवस ह्यांनी घरातून हाक मारली, "आगं, माजा चष्मा कुठं ठिवलास?" मी बाहेरूनच ओरडले, "डोक्यावर बघा! डोक्यावर! रोज डोक्यावर असतो आणि रोज मलाच विचारता, मी काय चष्म्याची राखण करायला जन्माला आलीय का?" आणि गोठ्यातून धारेचा आवाज आला. बादलीत चांगली सणसणीत धार. जाऊ आतून किंचाळली, "ताई, बोलत ऱ्हावा! थांबू नगा!"

तेव्हा कुठं उलगडा झाला. धार काढताना माझं तोंड चालू असतं, हे मला ठाऊक होतं. पहाटे उठल्यापासून जे मनात साठतं ते मी म्हशीला शिव्या देत देत रिकामं करते. ह्या म्हशीच्या आईच्या वेळेपासूनची सवय. तोंड चालतं तसे हात चालतात. तर म्हशीला ना गाऊन हवा होता, ना लाडीगोडी. तिला माझा संताप हवा होता. तो कानावर पडला की ती पान्हवायची.

जावेला मी शिकवायचा प्रयत्न केला. म्हटलं, हिच्यावर चीड. मेले म्हण, अवदसे म्हण. जाऊ म्हणाली, "अवदसे," आणि स्वतःच हसत सुटली. तिला संताप येतच नाही. धाकट्या दिरांनी तिला कधी चष्मा शोधायला लावला नसावा. मुलगी म्हणाली, तुझं बोलणं मोबाईलमध्ये भरून ठेवते, काकी रोज लावेल. मी ताडकन नाही म्हटलं. म्हशीपाशी मी जे बोलते ते माणसांनी ऐकायचं नाही. पोर कारण विचारत राहिली, मी सांगितलं नाही.

"मग ऱ्हाऊ दी," हे म्हणाले. "पुढच्या साली बघू."

मी उठले, पोरीला म्हटलं, टाक रद्द करून. त्या दिवशी मी स्वयंपाक केला, वाढला, भांडी घासली आणि म्हैस सोडून कुणाशी चकार शब्द बोलले नाही. रागानं रडू येतं तेव्हा मला स्वतःचाच जास्त राग येतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हैस ओरडत होती तरी मी मळ्यातून मुद्दाम हलले नाही. मेथीच्या जुड्या बांधत बसले. म्हटलं, बघू दे ह्यांना, गोठा कसा असतो ते.

शेवटी म्हशीची दया आली, माणसांची नाही. घराकडे आले तर गोठ्यातून आवाज येत होता. बोलणं माझं होतं. आवाज पुरुषाचा होता.

"हुबी ऱ्हा नीट, मेले. तुला काय झालंय? वैरन फुड्यात, पानी फुड्यात. आन् मी? त्या मानसाला च्या हातात पायजे, टावेल हातात पायजे, चष्मा डोक्यावर आन् घरभर हाका. म्हनतंय फुडच्या साली. फुडचं साल कवा उजाडलंय का या घरात? समुंदर दावला तो बी काचंतनं. एकदा पाय भिजवून यिन म्हनलं, जास्त काय मागितलं का गं मी? सोन्याच्या पाटल्या मागितल्या? पाय भिजवायचं मागितलं. ऱ्हाऊ दी. तुला सांगून काय उपेग. पाय उचल, अवदसे."

मी दारात गेले. माझा निळ्या फुलांचा गाऊन घालून आमचे हे उकिडवे बसले होते, गाऊन खांद्यात उसवला होता, मिशा म्हशीच्या पोटाला टेकल्या होत्या आणि बादली फेसानं भरत आली होती. मधे मी जिथं उसासा टाकते तिथं ह्यांनी उसासासुद्धा टाकला होता. म्हैस डोळे मिटून रवंथ करत उभी होती.

मला आधी हसू यायला हवं होतं. आलं नाही. शब्द न् शब्द माझा होता, काचेपासून पाटल्यांपर्यंत. काही वाक्यं कालची होती, काही तर पोर शाळेत होती तेव्हाची. इतकी वर्षं मला वाटत होतं, ह्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. घडा सुलटा होता आणि काठोकाठ भरलेला होता.

ह्यांनी वर बघितलं आणि परीक्षेत पास झालेल्या पोरासारखं तोंड केलं. "बघ, जमलं! दिली का न्हाई?"

"सगळं पाठ हाय तुम्हांला?" मी विचारलं.

"पाठ कराया कशाला पायजे? बाजंवर च्या पितो तवा रोजच कानावर येतंय."

"समुद्राचं बी?"

"व्हय. ते तर पयल्यापास्नं."

"मग इतक्या वर्सांत एकदा तरी बोललात का माझ्याशी? एक शब्द?"

बादलीतला फेस खाली बसत होता. खरंच विचार करून, अगदी प्रामाणिकपणे ते म्हणाले, "मला वाटायचं, तू म्हशीसंगं बोलतीस."

ओरडायला माझं तोंड उघडलं होतं, ते मी मिटलं. त्यांचं खोटं नव्हतं. मी म्हशीशीच बोलत होते. तिनं ऐकलं आणि रोज दूध दिलं. मी बादली उचलली, घरात गेले आणि मुलीला फोन लावला. म्हटलं, रद्द केलेलं परत कर. तुरुंग ठेव, म्युझियम ठेव, जंगलातली वाट ठेव, नील बेट ठेव, एक दिवससुद्धा खाऊ नकोस. तिकिटं दोघींचीच काढ, तुझं आणि माझं.

हे गाऊन सावरत दारात येऊन उभे राहिले होते. "दोघींचीच?" ते म्हणाले. "आन् मी?"

"तुम्ही हितंच," मी म्हटलं. "म्हशीसंगं बोला."