चार बोटं खाली

माझं लग्न चार बोटांवरून मोडायची वेळ आली होती. ही बोटं कुणा माणसाची नव्हेत. माझ्या गाडीचं पोट आणि बीड जिल्ह्याचा रस्ता यांच्यात जेवढं अंतर उरलं होतं, ते.

त्या वर्षी आमच्या गल्लीत केबल आली. सकाळी दुकान, दुपारी दुकान आणि संध्याकाळी परदेशातल्या मोटारींच्या शर्यती, असा माझा दिनक्रम झाला. त्या गाड्या जमिनीला चिकटून पळायच्या. चाकं रुंद, चकाकती! मी मग आमच्या दारातल्या जुन्या पांढऱ्या गाडीकडे बघायचो. अरुंद चाकांवर ती अशी उभी असायची, की वाटावं पाणी साचलंय म्हणून बाईनं साडी वर धरलीय.

तडक मुश्ताकभाईंचं गॅरेज गाठलं.

"मुश्ताकभाई, गाडी खाली बसवायची."

"पंक्चर हाय का?"

"नाही हो! मुद्दाम. स्प्रिंगा कापून. स्टाइल असते ती."

मुश्ताकभाईंनी पान थुंकलं. त्यांचा जन्म गाड्या उचलण्यात गेला होता. ऊसतोडीच्या ट्रकला स्प्रिंगचे जादा पाटे टाक, पंधरा माणसं कोंबणारी जीप वर घे, हा त्यांचा धंदा. "शिवाशेठ," ते म्हणाले, "तीस साल झाले. आजपर्यंत गाडी दाबायला कुणी आलं न्हाई. घरी भांडण झालं का?"

पण माणूस कलावंत! आठवड्याभरात पुण्याहून चार नमुन्यांची चाकं घेऊन आले आणि आमच्या दुकानाच्या ओट्यावर मांडली. आता आमचं दुकान कापडाचं. मला वस्तू निवडायची एकच पद्धत ठाऊक. मी गादीवर मांडी घालून बसलो आणि म्हणालो, "ह्यात अजून दाखवा. हीच नक्षी, पण जरा उठावदार रंगात?"

"शेठ, चाक हाय ते. शालू न्हाई."

जाळीचं चाक आईनं नापसंत केलं ("घासायला कोण बसंल?"). काळं चाक अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अशुभ ठरवलं. शेवटी सोनेरी रंगाचं, पाच पाकळ्यांचं चाक मी उन्हात नेऊन बघितलं, सावलीत नेऊन बघितलं आणि पसंत केलं. (पदर तेवढा बघायचा राहिला.)

गाडी तयार झाली तेव्हा गल्ली लोटली. काय दिसत होती! दबा धरून बसलेल्या चित्त्यासारखी! मी आणि मुश्ताकभाई एक चक्कर मारून आलो. कुठं घासणं नाही, कुठं आवाज नाही. फक्त एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. आमची दोघांची वजनं मिळून एका सुखवस्तू माणसाएवढीसुद्धा भरत नव्हती.

आणि त्याच आठवड्यात शिरूर कासारहून निरोप आला. तिथले धान्याचे व्यापारी विश्वनाथकाका, त्यांची मुलगी सुमन. बघण्याचा कार्यक्रम झाला होता. काकांचं म्हणणं, सगळे मिळून कपिलधारला जाऊ, दर्शन घेऊ, तिथंच होय का न्हाई ते सांगतो. गाडी तुमची आणा.

"हे आठवं स्थळ हाय," अप्पा मला म्हणाले. "सात गेले. हे गेलं तर त्या चाकांसंगच तुझं लगीन लावतो."

आम्ही तिघं शिरूरला पोचलो. विश्वनाथकाका बाहेर आले. बघण्याच्या दिवशी ते मांडी घालून बसलेले होते, त्यामुळं अंदाज आला नव्हता. उभे राहिल्यावर दारातला उजेडच गेला! त्यांच्या मागून दोन हमाल ज्वारीचं पोतं घेऊन आले.

"देवस्थानात अन्नदानाला," काका म्हणाले. "ठिवा डिक्कीत."

डिक्की मिटली आणि चित्ता मागच्या पायांवर बसला.

घरातल्या बायकांनी गाडीची पूजा केली, नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मी गाडी हळूच त्यांच्यावर चढवली. त्या चार लिंबांवर असताना गाडी जेवढी उंच होती, तेवढी दिवसभरात पुन्हा झाली नाही.

पुढं मी आणि काका. मागं अप्पा, आई आणि सुमन. (तिच्या आईंना गाडी लागायची, म्हणून त्या घरीच थांबल्या. शहाण्या!) त्या काळी प्रत्येक गावानं आपापला गतिरोधक स्वतः घातलेला असायचा आणि शेजारच्या गावापेक्षा आपला वीतभर उंच असावा अशी गावोगावी जिद्द होती. पहिल्यावर खालून असा आवाज आला, की कुणीतरी पाट्यावर कढई घासतंय.

"काय झालं?" काका.

"काही नाही. नवीन आहे ना, आवाज करते."

दुसऱ्याला मी गाडी थांबवली, उतरलो, गुडघे टेकून खाली वाकून बघितलं आणि हात जोडून म्हणालो, "जरा दोन मिनिटं उतरता का?" सगळे उतरले. मी रिकामी गाडी पार केली, पुन्हा खाली वाकून बघितलं, धावत येऊन सगळ्यांना दारं उघडली. तिसऱ्याला तेच. चौथ्याला गाडी तिरकी घातली, ती सरळ पानाच्या टपरीत शिरता शिरता राहिली. टपरीवाल्यानं माझा उद्धार केला, मी त्याचीही माफी मागितली. दर खेपेला माझी पँट गुडघ्यावर आणखी पांढरी आणि अप्पांचा चेहरा आणखी काळा!

"शिव्या, तू चालवतोयस का आमी?" ते दातओठ खात पुटपुटले. "निम्मं अंतर तर आमी पायीच आलो की बे!"

बीड मागं पडलं. पुढच्या गावच्या गतिरोधकापाशी मी पुन्हा हात जोडले. आई, अप्पा, सुमन सवयीनं उतरले. काका हलले नाहीत.

"आता न्हाई उतरत. दर्शनाला निघालोय, कवायतीला न्हाई. चालू दे."

होणाऱ्या सासऱ्याला नाही कसं म्हणणार? चालू दिली. पुढची चाकं पलीकडे उतरली, मागची अलीकडेच राहिली आणि मधे गाडीचं पोट गतिरोधकावर निवांत टेकलं. पुढची चाकं जेमतेम जमिनीला शिवत होती. मी जोर लावला तशी ती सोनेरी चाकं जागेवरच गरागरा फिरली, पाचही पाकळ्या झळकल्या आणि गाडी केसभरही सरकली नाही. आत विश्वनाथकाका, मांडीवर देवाचा नारळ घेऊन!

तेवढ्यात मागं भोंगा वाजला. शिरूरकडूनच निघालेला ऊसतोड्यांचा ट्रक. माणसं, बायका, भांडीकुंडी, वर बांधलेल्या शेळ्या. रस्ता अडलेला. मुकादम उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली.

"ओ शेठ, मोटार हाय का चौरंग?"

ट्रकभर हशा. वरून एक बाई ओरडली, "आत बसवलाय त्यो नवरदेव हाय का?"

"न्हाई मावशे," रस्त्याकडेला उभी सुमन म्हणाली, "माजे वडील हायेत. नवरदेव त्यो, चाकाखाली बघतोय." आणि ती जी हसायला लागली, ती पदर तोंडात कोंबूनही थांबेना. मी चाकाखालीच तोंड लपवलं.

"काका, तुमी बसा निवांत," मुकादम म्हणाला. "चला रे! मोळी समजून उचला!"

दहा जणांनी गाडी उचलली. खरोखर उसाच्या मोळीसारखी! त्यात काका, पोतं, नारळ, सगळं. जावयाची वरात सगळ्यांनी पाहिली असेल, सासऱ्याची मी त्या दिवशी पाहिली.

गाडी खाली ठेवल्यावर काका उतरले, मुकादमाला म्हणाले, "मांजरसुंब्याकडं चाललाय न्हवं? सोडा मला कपिलधारच्या फाट्याला," आणि पोत्यासकट ट्रकच्या केबिनीत जाऊन बसले. आम्ही पुन्हा गाडीत बसलो. अप्पा एवढंच म्हणाले, "आठ."

कपिलधारला पोचलो. काका आमच्या आधीच फाट्यावरून कुणाच्या तरी बैलगाडीतून येऊन पायऱ्यांवर बसले होते. तिथल्या धबधब्याच्या आवाजात ते काय म्हणाले ते मला आधी कळलंच नाही.

"अप्पा, गाडी मला अजाबात पसंत न्हाई. पोरगा पसंत हाय."

"आं? कावून?" (असं स्वतःच्या मुलाबद्दल विचारणारा बाप मी दुसरा पाहिला नाही.)

"सकाळपासून बघतोय. दर शंभर पावलांवर उतरतोय, गुडघ्यावर बसून वाकतोय, हात जोडतोय, दार उघडतोय, चूक नसंल तिथं बी माफी मागतोय. एकदा आवाज चढवला न्हाई. आमची सुमी लई तापट हाय. तिला असलाच पायजे होता."

सुमनकडे बघितलं. तिनं मान हलवली, गंभीरपणे, कापड पारखून घेतल्यासारखी.

तिथंच सुपारी फुटली. पुढच्या आठवड्यात मुश्ताकभाईंनी गाडी पुन्हा चार बोटं वर उचलून दिली. मी मात्र अजून तिथंच आहे, चार बोटं खाली.